राजसायकलीचे दोन कुत्रे

एका जंगलात एक सायकल होती.

हसून झालं असेल तर पुढे सांगतो. जंगलात राजा असतो, दरबार असतो, प्राणी बोलतात, हे सगळं तुम्हाला चालतं. सायकल म्हटली की लगेच दात काढता.

तर सायकल होती. काळी, उंच, मधल्या दांडीची, मागे मोठं कॅरियर. ती थोरल्या महाराजांच्या वेळची. थोरले महाराज म्हणजे आताच्या वाघमहाराजांचे आजोबा. एकदा एक साहेब त्या सायकलीवरून जंगलातून चालला होता. समोर थोरले महाराज आले. साहेब सायकल टाकून झाडावर चढला, त्या झाडावरून दुसऱ्या झाडावर गेला आणि तिथून थेट आपल्या देशाला गेला. दरबारच्या इतिहासात याची नोंद ‘परदेशी पाहुण्याने महाराजांना प्रेमाने दिलेली भेट’ अशी आहे.

महाराजांना सायकल काही जमली नाही. शेपूट सारखं चेनमध्ये अडकायचं. शेवटी त्यांनी ती जंगलाच्या सुईणीला देऊन टाकली. सुईणपण मुंगसांच्या घरात चालत आलेलं. आजीने चालवली, आईने चालवली आणि आता यमुनाक्का चालवत होती.

यमुनाक्का मुंगूस ती केवढी आणि सायकल केवढी! सीटवर बसली तर पाय पायडलला पोचायचे नाहीत. म्हणून ती कैची मारायची. दांडीखालून पाय घालायचा, अंग एका बाजूला काढायचं आणि लचकत लचकत जायचं. तुमच्यापैकी कुणी अशी सायकल चालवली असेल तर त्याला कळेल. बाकीच्यांनी आपल्या आजोबांना विचारावं.

कुठे कुणी अडलं की अक्का निघायची. उतार आला की ती पाय थांबवायची आणि मागचं चाक वाजायला लागायचं. टिकटिक, टिकटिक, टिकटिक. कळा देणारी आई तो आवाज ऐकायची आणि म्हणायची, “आली.” तिथेच निम्मा जीव भांड्यात पडायचा.

आता कुणीतरी विचारणार की त्या जंगलात वाघ हरणं खात नव्हता का. खात होता. पण बाळंतिणीला सव्वा महिना माफी होती. मध्ये बोलायचं नाही.

एक दिवस बोरटेकडीच्या चढाला यमुनाक्काने पायडल मारलं आणि पायडल गर्रकन फिरलं. चाक जागचं हललं नाही. पुन्हा मारलं. पुन्हा पायडल फिरलं, चाक उभंच. त्या दिवशी ती रेवा नावाच्या चितळीला तपासायला चालली होती. सायकल झाडाला टेकवून ती चालत गेली. रेवाच्या पोटावर हात फिरवला आणि अक्काचं तोंड उतरलं.

“पायाळू दिसतंय गं,” ती म्हणाली. “पाय खाली आहेत त्याचे.”

“मग?” रेवाने विचारलं. तिचं हे पहिलंच.

“मग काय? मी असले म्हणजे फिरवून घेईन. आमच्या हाताला सवय आहे. मी नसले तर मात्र कठीण आहे, बाई. पंधरा दिवस आहेत अजून. टिकटिक ऐकलीस की समज, मी आले. तोवर जोर करायचा नाही.”

परतताना अक्काने सायकल हाताने ढकलत साळबा मिस्तरीकडे आणली. साळबा म्हणजे साळींदर. त्याच्या पाठीवरचे काटेच चाकाच्या आऱ्यांसारखे, त्यामुळे त्याला दुकानाची पाटी लावावी लागली नव्हती. हात सोन्याचा, पण स्वभाव घाबरट. जरा मोठा आवाज झाला की सगळे काटे उभे राहायचे.

साळबाने चाक हवेत फिरवलं, कान लावला आणि मागच्या दात्यांवरची झाकणी उघडायला घेतली. ती झाकणी उलट्या आट्याची असते. आपण घट्ट करायला जावं तर ती सुटते. आतून छर्रे, म्हणजे लोखंडाच्या बारीक गोळ्या, घरंगळले, ते त्याने एका पानात गोळा केले.

“हे बघ अक्का,” तो म्हणाला. “हब चांगलाय, एक्सल चांगलाय. छर्रे ग्रीस घालून चालतील. बिघाड इथं आहे. हे दोन कुत्रे झिजलेत.”

मुलांनो, घाबरू नका. सायकलवाले ज्याला कुत्रे म्हणतात ते लोखंडाचे दोन तुकडे असतात, नखाएवढे. ते चाकाच्या आतल्या दात्यांना चावून धरतात. ते चावले तर चाक फिरतं. आपण पाय थांबवले की ते दात्यांवरून घसरत जातात आणि टिकटिक वाजतात. तीन पिढ्या चावून चावून या दोघांची तोंडं पार बोथट झाली होती.

“मग दुसरे घाल,” अक्का म्हणाली.

साळबाने ओळखीच्या कावळ्याला नमुना दाखवला. कावळा बाजाराच्या गावी गेला, एका सायकलच्या दुकानाबाहेर ठेवलेल्या परातीतून दोन नवे कोरे कुत्रे उचलले आणि संध्याकाळच्या आत परत आला. साळबाने ते चिंधीत गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवले.

“पिशवीत काय ठेवतोस? चाकात घाल की.”

“अक्का, राजसायकल आहे ती. मंडळाची परवानगी लागते. न विचारता हात लावला तर काटे उपटतात.”

“कोण बघतंय इथं, मेल्या?”

“अर्ज करतो ना. दोन दिवसांत उत्तर येईल.”

साळबाने जन्मात पहिल्यांदा अर्ज लिहिला. पळसाच्या पानावर, सुवाच्य अक्षरात. स्वतःचंच अक्षर त्याला इतकं आवडलं की त्याने तो तीनदा मोठ्याने वाचला.

*विषय : राजसायकलीच्या मागील चाकातील झिजलेले दोन कुत्रे काढून नवीन दोन कुत्रे बसविणेबाबत.*

*महोदय, सदर कुत्रे तीन पिढ्या चाकात काम करीत असून आता त्यांची तोंडे झिजली आहेत. ते चावत नाहीत. त्यामुळे सायकल पुढे जात नाही. तरी नवीन, चांगले चावणारे कुत्रे बसविण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.*

अर्ज राजवस्तू जतन मंडळाकडे गेला. मंडळाचे अध्यक्ष श्रीयुत करकोचे. हे एका पायावर उभे राहून विचार करायचे आणि विचार संपला तरी दुसरा पाय खाली टेकवायचे नाहीत. राजसायकलीवर त्यांनी तीन निबंध लिहिले होते. सायकलीवर ते कधी बसले नव्हते, पण त्याची निबंधाला गरज पडली नव्हती. बाकीचे सदस्य दोन बगळे होते. ते करकोच्यांकडे बघून पाय बदलायचे.

मंडळाचा नियम एकच होता. राजसायकलीचा कोणताही भाग बदलायचा नाही.

करकोच्यांनी अर्ज वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले.

“तीन पिढ्या!” ते म्हणाले. “तीन पिढ्या दोन मुके जीव त्या चाकात राबत होते आणि या जंगलाला त्याचा पत्ता नव्हता!”

“अन्नपाणी कोण देत होतं?” एका बगळ्याने विचारलं.

“तेच तर! म्हणून झिजले.”

मंडळ त्या दोन कुत्र्यांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहिलं. तसं ते एरवीही शांतच उभं असायचं, पण या वेळी मान खाली होती.

“नियमाची काही अडचण?” दुसरा बगळा म्हणाला.

“नियम भागांना आहे. कुत्रा हा भाग नव्हे, प्राणी आहे. बदल होत नाही, नेमणूक होते,” करकोचे म्हणाले आणि त्यांनी शेरा मारला : मंजूर.

पाचव्या दिवशी जंगलाच्या कडेच्या वाडीवरून दोन कुत्रे बोलावले गेले. एकाचं नाव मोती आणि दुसऱ्याचं नाव राजा. दरबारात मुलाखत झाली. सिंहासनाशेजारी वाघमहाराज उभे होते.

“चावता का?” करकोच्यांनी विचारलं.

“वेळ आली तर,” मोती म्हणाला.

“मागे लागता का?”

“सायकलीच्या? अहो, तो आमचा छंद आहे.”

करकोचे खूश झाले. त्यांनी दुसऱ्या कुत्र्याकडे बघून फर्मावलं, “राजा, बस!”

वाघमहाराज पटकन सिंहासनावर बसले.

दरबारात कुणी हसलं नाही. हसणाऱ्यांची त्या दरबारात फार दिवस गाठ पडत नसे. त्या दिवसापासून राजा कुत्र्याचं नाव कागदोपत्री ‘दुसरा’ असं करण्यात आलं.

दोघांना लाल पट्टे मिळाले. मागच्या चाकाच्या आत ते मावेनात, म्हणून मोतीला कॅरियरवर बसवलं आणि दुसऱ्याला चाकामागे पळायची नेमणूक दिली. साळबाला हे कळलं तेव्हा त्याचे सगळे काटे उभे राहिले. तो धावत करकोच्यांकडे गेला.

“साहेब, काहीतरी चुकलंय. कुत्रे म्हणजे हे नव्हेत हो! लोखंडाचे. एवढे एवढे. चाकाच्या पोटात असतात.”

“तुमच्या अर्जात लोखंड हा शब्द कुठे आहे?”

“नाहीये. आमच्याकडे सगळे कुत्रेच म्हणतात, साहेब.”

“आणि हे लोखंडाचे कुत्रे सायकलीचा भाग आहेत?”

“हो, साहेब.”

“आणि ते तुम्ही बदलणार?”

साळबाने पिशवी पोटाशी घट्ट धरली.

“साळबा,” करकोचे मायेने म्हणाले, “ते झिजलेले म्हणता ना? अहो, ती झीज हाच तर इतिहास आहे. थोरल्या महाराजांच्या काळापासूनची झीज! ती तुम्ही काढून फेकणार आणि बाजारातले कालचे तुकडे घालणार? तसा अर्ज करून बघा हवं तर. मंडळ विचार करेल.”

साळबाने दुसरा अर्ज केला. मंडळ विचार करायला लागलं. यमुनाक्का रोज दुकानात यायची.

“साळबा, त्या चितळीचे दिवस भरत आले.”

“अर्ज गेलाय, अक्का.”

“अर्जाने पोर फिरत नाही रे पोटात! त्या पिशवीतले काढ आणि घाल. अर्ध्या तासाचं काम आहे, तूच म्हणाला होतास.”

“आज-उद्या येईल उत्तर.”

त्याला खरंच तसं वाटत होतं. अर्ज इतका चांगला लिहिला होता.

चौदाव्या दिवशी भर दुपारी पोपट ओरडत आला : बोरटेकडीवर रेवाला कळा सुरू झाल्या. यमुनाक्काने सायकल काढली. मोती कॅरियरवर चढला. दुसरा मागे उभा राहिला. सपाटीवर कधी चावायचे, कधी सुटायचे, असं करत ते जुने कुत्रे कसेबसे चालले. बोरटेकडीचा चढ लागला आणि पायडल गर्रकन फिरलं.

अक्काने जोर लावला. पायडल फिरलं, चाक उभं. मागून दोघे कुत्रे नेमून दिल्याप्रमाणे भुंकायला लागले.

“उतर रे मुडद्या!” अक्का मोतीवर ओरडली.

“कामावर आहे,” मोती म्हणाला.

अक्काने सायकल तिथेच आडवी टाकली आणि त्या आखूड पायांनी ती टेकडी चढायला लागली. धापा टाकत, ठेचकाळत, दगडांना शिव्या देत. वर पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. रेवा जिवंत होती. पाडस तिच्या पुढ्यात पडलं होतं, ओलं, आणि ते हलत नव्हतं. रेवा त्याला चाटत होती. चाटलं की हलतं, असं तिने ऐकलं होतं.

अक्का खाली बसली. हातांना सवय होती, पण आता हातांना काम नव्हतं. रेवा तिच्याकडे न बघता म्हणाली, “अक्का, टिकटिक वाजली नाही. मी जोर धरून ठेवला होता. टिकटिकीची वाट बघत होते.”

मला इथे थोडं थांबायला आवडलं असतं, मुलांनो, पण मंडळ थांबलं नाही. मंडळाने चौकशी केली. अहवालात असं आलं की, दोन्ही कुत्रे संपूर्ण चढावर नियमित व मोठ्याने भुंकत होते, त्यांच्याकडून कसूर झालेली नाही. तरीही सायकल पुढे गेली नाही, यावरून कुत्रे अपुरे पडत असावेत असं दिसतं. सबब तिसऱ्या कुत्र्याची शिफारस करण्यात येत आहे.

महिना गेला. मग एका दुपारी साळबाच्या दुकानात अंधारून आलं. त्याने मान वर केली तर दारात वाघमहाराज. एकटे. ना भालदार, ना चोपदार. साळबाचे काटे इतके ताठ झाले की त्याला मागे टेकता येईना.

“साळबा,” महाराज हळूच म्हणाले, “राणीसाहेबांचे दिवस भरलेत. त्या घळीपलीकडे माहेरी आहेत.”

“हो महाराज. अभिनंदन, महाराज.”

“यमुनाक्का म्हणते, पायाळू आहे.” महाराजांनी मागे वळून बघितलं. “ते कुत्रे. ते नाही, ते दुसरे. नखाएवढे. आहेत तुझ्याकडे?”

“पिशवीत आहेत, महाराज.”

“घाल.”

“पण महाराज, अर्जाचं उत्तर...”

“साळबा,” महाराज म्हणाले, “मला भूकही लागली आहे.”

साळबाने झाकणी उघडली. छर्रे पुसले, ग्रीस भरलं. जुने कुत्रे काढले, नवे बसवले, त्यांच्यावरची केसासारखी बारीक तार ताणून खाचेत घातली. झाकणी उलटी फिरवून घट्ट केली. चाक उचलून पुढे फिरवलं. टिकटिक, टिकटिक, टिकटिक. महाराज ऐकत उभे होते.

“एवढंच?” त्यांनी विचारलं.

“एवढंच, महाराज.”

“कुणाला कळता कामा नये. मंडळाची अब्रू माझी अब्रू आहे.”

यमुनाक्का कैची मारत घळ ओलांडून गेली. मोती आणि दुसरा मागून भुंकत गेले, कारण त्यांची नेमणूक रद्द झालेली नव्हती. उतारावर टिकटिक वाजली, राणीसाहेबांनी ती ऐकली, अक्काने हात घातला, पोर फिरवलं आणि जंगलाला युवराज मिळाला. चांगला गुटगुटीत होता. पोराचा त्यात काही दोष नाही.

बारशाला मोठा समारंभ झाला. मोतीला आणि दुसऱ्याला पदकं मिळाली. श्रीयुत करकोचे अध्यक्षस्थानी उभे होते. राजसायकलीला हार घातला होता आणि तिच्यावर एक नवी पाटी लावली होती : *थोरल्या महाराजांच्या काळापासून या सायकलीचा एकही भाग बदललेला नाही.*

करकोचे भाषणात म्हणाले, “काही मंडळींना हिच्यात लोखंडाचे तुकडे बदलायचे होते. आज हीच सायकल घळ ओलांडून गेली! झीज अडथळा नसते. निष्ठा लागते, निष्ठा!” दोन्ही बगळ्यांनी टाळ्यांसाठी पाय बदलले. त्याच समारंभात साळबाच्या दुसऱ्या अर्जाचं उत्तरही त्याच्या हातात पडलं : सायकल सुस्थितीत असल्याने दुरुस्तीचा अर्ज नामंजूर.

साळबा शेवटच्या रांगेत खुर्चीवर बसला होता. खुर्ची महाराजांनी आठवणीने ठेवायला लावली होती. तेवढ्यात कुणीतरी हार घातलेली सायकल मिरवण्यासाठी पुढे ढकलली. टिकटिक, टिकटिक, टिकटिक.

साळबाच्या शेजारी रेवा येऊन उभी राहिली.

“वाजते की,” ती म्हणाली.

साळबाने हातातल्या उत्तराची घडी घातली.

“किती वेळ लागला बसवायला?”

साळबाला खोटं बोलता आलं असतं. पण कारागिराला कामाचा वेळ विचारला की तो खराच सांगतो. ती सवय असते.

“अर्धा तास,” तो म्हणाला.

“आणि माझ्या वेळेला कुठे होते ते?”

साळबाने पिशवीकडे बघितलं. पिशवी मांडीवरच होती.

“इथंच होते,” तो म्हणाला. “परवानगी नव्हती.”

मग पुढे टाळ्या सुरू झाल्या. सगळे वाजवत होते, म्हणून साळबानेही वाजवल्या.

तात्पर्य : मुलांनो, परवानगीशिवाय कशालाही हात लावू नये. साळबाने लावला नाही, म्हणून त्याचे सगळे काटे शाबूत राहिले आणि समारंभात खुर्ची मिळाली. रेवाला खुर्ची नव्हती, पण हरणं तशीही उभीच असतात.